विश्व थंड होतंय, तर त्याची उष्णता नेमकी जाते कुठे?

मावळतीचं_ऊन (धागाकर्ती)

मंडळी, परवा एका ग्रुपवर ढकलपत्र आलं, "व्हॉयेजर यानाला विश्वाच्या टोकाशी आगीची भिंत सापडली, तापमान ५०,००० अंश!!" त्याखाली लगेच दुसऱ्या कुणाचं तरी उत्तर की छे, विश्व तर उणे २७० अंशाला गोठलेलं आहे आणि अजून थंडच होत चाललंय. ढकलपत्राचं सोडा, पण या दुसऱ्या वाक्यात मी अडकून बसलेय. शाळेत शिकलो ते असं की वस्तू थंड होते म्हणजे ती आपली उष्णता दुसऱ्या कशाला तरी देते. घेणारा कुणीच नाही आणि तरी थंड झालं, असं होत नाही. मग सगळं विश्वच थंड होतंय तर ते उष्णता देतंय कुणाला? जे जे आहे ते सगळं म्हणजे विश्व अशी व्याख्या असेल तर घ्यायला उरतोच कोण? एकतर बाहेर काहीतरी आहे, आणि बाहेर आहे म्हणजे कड आली. नाहीतर मग शाळेत शिकवलेलं अर्धवट आहे.

माझं फिजिक्स बारावीपर्यंतच, तेव्हा सूत्रं फेकून मारू नका, पण अगदीच बाळबोधही नको. फुगा आणि त्यावरचे ठिपके हे प्रकरण ऐकून झालंय, त्याने माझं काहीही भलं झालेलं नाही.

बोरूबहाद्दर

रुमाल टाकून ठेवतो. हा धागा शंभरी गाठणार.

खडूची_पूड

आधी ती आगीची भिंत पाडून घेऊ, मग बाकीचं.

व्हॉयेजर १ ऑगस्ट २०१२ मध्ये आणि व्हॉयेजर २ नोव्हेंबर २०१८ मध्ये हेलिओपॉज ओलांडून गेलं. सूर्याकडून सुटलेले कण जिथे बाहेरच्या ताऱ्यांमधल्या वायूला भिडून अडतात ती ही सीमा. पृथ्वी ते सूर्य या अंतराच्या साधारण १२० पट लांब, प्रकाशाला तिथून इथे यायला सतरा तासही लागत नाहीत. विश्वाचं टोक वगैरे राहू द्या, सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाची हद्दसुद्धा तिथे संपत नाही.

आता ३० ते ५० हजार अंश हा आकडा मात्र खोटा नाही. तापमान म्हणजे एकेक कण किती जोरात पळतोय ते. पण कण आहेत किती, तर आपण प्रयोगशाळेत ज्याला उत्तम निर्वात म्हणतो त्याहूनही विरळ. त्यामुळे यानाला मिळालेली उष्णता जवळपास शून्य. उलट व्हॉयेजरची खरी काळजी थंडीची आहे. आतल्या प्लुटोनियमपासून मिळणारी वीज दरवर्षी सुमारे ४ वॅटने घटते, मग एकेक हीटर बंद करावा लागतो, आणि इंधनाच्या नळ्या गोठू नयेत म्हणून हिशेब चालू. १९७७ सालची यानं आहेत, जीव धरून आहेत.

तापमान जास्त म्हणजे उष्णता जास्त असं नसतं, एवढं पक्कं धरलं की पुढचा अर्धा धागा सोपा जाईल.

अर्धवट_इंजिनियर

ताई, उत्तर एका ओळीचं आहे. प्रसरण पावलं की थंड होतं. सेंटचा स्प्रे जरा जास्त वेळ दाबून धरा, डबा हाताला गार लागतो. कुणी फ्रीजमध्ये ठेवला होता का? नाही. विश्वही तसंच, पसरतंय म्हणून थंड होतंय. हाकानाका.

उंटावरचा_शहाणा

@अर्धवट_इंजिनियर, स्प्रेचा डबा गार होतो तो मुख्यतः आतला द्रव उडून त्याची वाफ होते म्हणून. आणि ते सोडलं तरी, वायू पसरून थंड होतो तेव्हा तो समोरच्या कशाला तरी ढकलत असतो, दट्ट्याला म्हणा, बाहेरच्या हवेला म्हणा. ढकलण्यात ऊर्जा खर्च होते म्हणून तापमान उतरतं. निव्वळ मोकळ्या निर्वातात आदर्श वायू सोडला तर तो पसरतो पण थंड होत नाही. आता सांगा, विश्व कुणाला ढकलतंय? म्हणजे धागाकर्तीचा प्रश्न होता तिथेच आहे, तुम्ही फक्त त्याला सेंट मारलात.

बोरूबहाद्दर

सेंट मारलात =)) =))

अर्धवट_इंजिनियर

नावातच डिस्क्लेमर आहे राव. तुम्ही सांगा मग.

शून्य_केल्विन

मी प्रयत्न करते, जरा लांबेल.

"विश्वाचं तापमान" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ते एका विशिष्ट प्रकाशाचं तापमान असतं. विश्व साधारण ३,८०,००० वर्षांचं होतं तेव्हा सगळीकडे सुमारे ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उणे २७३ अंश सेल्सियसला शून्य धरून मोजलेलं तापमान) तापलेला वायू होता. तोवर इलेक्ट्रॉन मोकळे फिरत होते आणि प्रकाश त्यांच्यावर आपटत राहायचा, सरळ जाताच येत नव्हतं. तापमान ३००० च्या आसपास आल्यावर इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बसले, वाट मोकळी झाली आणि तो प्रकाश सुटला. तो अजूनही चालूच आहे. फक्त दरम्यान विश्व सुमारे ११०० पट ताणलं गेलं, त्याबरोबर प्रत्येक लहरही तेवढीच ताणली गेली. लहर लांबली की तापमान त्याच प्रमाणात घटतं, ३००० भागिले ११०० केलं की आलं २.७. कोबे उपग्रह १९८९ मध्ये गेला, त्यावरून अचूक मोजलेली किंमत आहे २.७२५ केल्विन, म्हणजे उणे २७०.४ अंश सेल्सियस.

या प्रकाशाचे कण, फोटॉन, कुणी शोषून घेतलेले नाहीत, कुठल्या कडेवरून बाहेर सांडलेलेही नाहीत. आज दर घन सेंटीमीटरमध्ये असे सुमारे ४११ फोटॉन आहेत, तुमच्या स्क्रीनपुढच्या हवेतसुद्धा. एक मोठा तुकडा मनात धरा, जो विश्वाबरोबरच ताणला जातोय. त्यातले फोटॉन तेव्हा जितके होते जवळपास तितकेच आत्ता आहेत. डावीकडून जेवढे बाहेर गेले तेवढेच उजवीकडून आत आले कारण शेजारचा तुकडाही तितकाच गरम होता. थंड शेजारी कुणालाच नाही. त्यामुळे शाळेतला उष्णता देण्याघेण्याचा नियम इथे लागूच पडत नाही, आणि म्हणून कडेचीही गरज पडत नाही.

मावळतीचं_ऊन

हे पटलं. पण मग फोटॉन तेवढेच आणि प्रत्येकाची ऊर्जा ११०० पट कमी, म्हणजे एकूण ऊर्जा घटली ना? ती कुठे गेली? मी एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडले.

शून्य_केल्विन

कुठेच गेली नाही, कमी झाली.

हे ऐकायला चीटिंग वाटतं हे माहीत आहे. ऊर्जा अक्षय्य असते हा नियम आभाळातून पडलेला नाही, त्यामागे कारण आहे आणि ते एमी नोएथर यांनी १९१८ मध्ये मांडलं. निसर्गाची परिस्थिती काळानुसार बदलत नसेल तर ऊर्जा टिकते. विश्व पसरतंय म्हणजे कालची पार्श्वभूमी आज नाही, अट मोडली, तर नियमानेही हात वर केले. खोलीत, यानात, ताऱ्यात हा नियम बिनचूक चालतो कारण तिथे प्रसरण जाणवतच नाही. अख्ख्या विश्वाची एकूण ऊर्जा किती, याला सापेक्षतावादात सर्वमान्य व्याख्याच नाही.

उंटावरचा_शहाणा

इथे माझा आक्षेप. "ऊर्जा कमी झाली" हे जरा भडक होतंय. ज्या वायूने तो प्रकाश सोडला तो आपल्यापासून प्रचंड वेगाने लांब जातोय. दूर जाणाऱ्या स्रोताचा प्रकाश तांबडा दिसतो, त्यात चोरी कसली? ऊर्जा कुणाच्या नजरेतून मोजायची यावर ती ठरते. वाटेत ओळीने निरीक्षक उभे केले आणि प्रत्येकजण शेजाऱ्यापासून थोडा दूर सरकत असला तर प्रत्येकाला फोटॉन आधीच्यापेक्षा किंचित अशक्त दिसेल. फोटॉनने काही गमावलंच नाही, मोजणारे बदलत गेले.

शून्य_केल्विन

हो, ते चित्रही चालतं, गणित एकच येतं. फक्त मग ती एकूण बेरीज कुठल्या निरीक्षकाने करायची ते सांगा. सांगता येत नाही, म्हणून मी म्हणते बेरीज मागू नका.

उंटावरचा_शहाणा

बेरीज मागू नका याला कडकडून सहमत. लेखापरीक्षक नाराज होतील.

नाना_थर्मामीटर

छान चाललंय. थोडा इतिहास टाकतो.

हा प्रकाश १९६४-६५ मध्ये आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना न्यू जर्सीत बेल लॅब्जच्या मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनावर सापडला. ते तो शोधतच नव्हते, त्यांना अँटेनातली खरखर घालवायची होती. कबुतरांनी घर केलं होतं ते हलवलं, आत पडलेली शिट घासून काढली, सांधे टेपने बंद केले, खरखर तशीच. दिवस असो रात्र असो, कुठल्याही दिशेने. १९७८ चं नोबेल मिळालं. अल्फर आणि हर्मन यांनी १९४८ मध्येच सुमारे ५ केल्विनचं भाकीत करून ठेवलं होतं, कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

त्याहून हळहळ वाटावी अशी गोष्ट १९४१ ची. अँड्र्यू मॅकेलर यांनी ताऱ्यांमधल्या पोकळीतल्या सायनोजेन रेणूंवरून तिथलं तापमान २.३ केल्विन काढलं होतं. रेणू तेवढे का तापलेत हे मात्र कुणी विचारलं नाही. उत्तर हातात, आणि प्रश्नच माहीत नाही.

पाटीवरचा_ओरखडा

नारळीकर सरांचं नाव अजून आलं नाही म्हणजे आश्चर्य आहे. ते महास्फोट मानत नव्हते ना? मग या २.७ चं ते काय करायचे?

नाना_थर्मामीटर

हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये अर्धस्थिर स्थितीचं विश्व मांडलं. विश्व अनादि, आलटून पालटून फुगणारं आणि आक्रसणारं. २.७ केल्विनचं स्पष्टीकरण असं की ताऱ्यांचाच जुना प्रकाश अवकाशातल्या लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुया शोषतात आणि पुन्हा सोडतात, असं होत होत तो एकाच तापमानाला येतो. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना हे पटलं नाही, कारण या प्रकाशाचा वर्णपट इतका काटेकोर आहे आणि त्यातले बारीक चढउतार महास्फोटाच्या गणिताशी इतके जुळतात की सुयांनी ते जमवणं फार अवघड. पण सर शेवटपर्यंत मोजमाप मागत राहिले, सगळे म्हणतात म्हणून मान हलवली नाही. मला तो बाणा आवडतो, सिद्धांत पटला नाही तरी.

आणि गंमत बघा. पूर्वी विश्व खरंच जास्त गरम होतं का हे थेट तपासण्याचं काम ज्यांनी केलं त्यातले श्रीआनंद हे नारळीकरांनीच उभारलेल्या आयुका संस्थेतले. त्यांनी पेतिजाँ आणि लदू यांच्यासोबत २००० साली एका लांबच्या क्वेसारच्या (म्हणजे अतिशय तेजस्वी दीर्घिका-केंद्राच्या) वाटेतला वायू तपासला. प्रकाश तिथून निघाला तेव्हा विश्व आजच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान होतं. त्या वायूवरून तिथल्या या प्रकाशाचं तापमान निघालं ६ ते १४ केल्विनच्या मध्ये, अपेक्षित होतं ९ च्या आसपास. मॅकेलरने जे केलं तेच, पण या वेळी प्रश्न माहीत होता.

तिरकी_रेघ

सगळे "विश्व थंड होतंय" धरून चाललेत म्हणून काडी टाकते. प्रकाश थंड होतोय. पदार्थ तापतोय.

२०२० मध्ये प्लँक उपग्रह (हाच जुना प्रकाश मोजणारा) आणि स्लोन सर्व्हे (दीर्घिकांची नोंद ठेवणारा) यांची माहिती एकत्र करून एक मोजणी झाली. विश्वातल्या वायूचं सरासरी तापमान गेल्या १००० कोटी वर्षांत सुमारे दहापट वाढून आज २० लाख अंशांच्या घरात आहे. कारण गुरुत्वाकर्षण. वायू दीर्घिकांच्या समूहांत कोसळतो, आदळतो, तापतो. मोठ्या समूहांत तर हा वायू काही कोटी अंशांवर असतो. आता खडूची_पूड यांचा वरचा मुद्दा, तो इतका विरळ आहे की तुम्हाला तिथे नेऊन ठेवलं तरी भाजणार नाही. पण "थंड" म्हणायचं कशाला?

अर्धवट_इंजिनियर

अगागा. मग धाग्याचं शीर्षकच चुकीचं?

तिरकी_रेघ

शीर्षक राहू द्या, टीआरपी आहे.

शून्य_केल्विन

@तिरकी_रेघ, +१. याला पुस्ती जोडते. एक काळ असा होता की वायू त्या प्रकाशापेक्षाही थंड होता. पसरताना प्रकाशाचं तापमान ज्या प्रमाणात उतरतं त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वायूचं उतरतं. पहिले तारे पेटेपर्यंत वायू पार गारठलेला होता, मग ताऱ्यांनी आणि कृष्णविवरांनी तो पुन्हा तापवला. त्या गारठ्याची खूण हायड्रोजनच्या २१ सेंमी लांबीच्या रेडिओ लहरीत शोधतात. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एजेस या प्रयोगाने जाहीर केलं की खूण सापडली, आणि वायू गणितापेक्षाही बराच थंड होता. मोठी खळबळ झाली.

तो दावा ज्यांनी खोडला ते आपल्याकडचे, रामन संशोधन संस्थेचे, सारस ३. त्यांनी अँटेना चक्क तराफ्यावर ठेवून कर्नाटकात दंडिगनहळ्ळी तलावात आणि शरावतीच्या बॅकवॉटरमध्ये तरंगवली. जमिनीखाली मातीचे थर, ओल, खडक असं काहीही असतं आणि त्यातून परतणाऱ्या लहरी मोजमापात भेसळ करतात. पाणी खालपर्यंत एकसारखं. हव्या त्या खुणेपेक्षा आकाशगंगेचा रेडिओ गोंगाट हजारो पट मोठा असतो, तिथे एवढीशी भेसळही भारी पडते. २०२२ मध्ये निकाल आला, एजेसला दिसलेली खूण सारसला दिसली नाही.

बोरूबहाद्दर

विश्वाचं तापमान बघायला तलावात तराफा! वाचनखूण साठवली आहे.

पाटीवरचा_ओरखडा

अवांतर होतंय पण विचारतो. अंतराळात सूटशिवाय गेलं तर माणूस क्षणात गोठतो हे चित्रपटात दाखवतात ते खरं का? उणे २७० म्हणजे गोठणारच ना?

खडूची_पूड

नाही. उष्णता ओढून घ्यायला आजूबाजूला हवाच नाही, फक्त प्रारण करून, म्हणजे न दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात, घालवता येते आणि ते सावकाश होतं. गोठण्याआधी हवेअभावी पंधरा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपेल. अंतराळस्थानकाची अडचण तर उलटी आहे, आतली उपकरणं एवढी तापतात की द्रव अमोनिया फिरवून मोठाल्या पंखांसारख्या पॅनेलमधून उष्णता बाहेर फेकावी लागते. याउलट अपोलो १३ मध्ये वीज वाचवायला उपकरणं बंद केली तर आत तीनचार अंशांपर्यंत तापमान उतरलं आणि अंतराळवीर कुडकुडले.

उंटावरचा_शहाणा

बाय द वे, विश्वात आजवर सापडलेली सगळ्यात थंड नैसर्गिक जागा २.७ नाही, १ केल्विन. बूमरँग तेजोमेघ, सुमारे ५००० प्रकाशवर्षं. मरता तारा वायू इतक्या वेगाने बाहेर फेकतोय की पसरता पसरता तो पार्श्वभूमीपेक्षाही थंड झालाय. @अर्धवट_इंजिनियर, घ्या, तुमचा स्प्रे इथे लागू पडतो.

अर्धवट_इंजिनियर

पुराव्याने शाबित!! स्क्रीनशॉट काढून फ्रेम करतोय.

मावळतीचं_ऊन

सगळ्यांचे आभार, भरपूर मिळालं. पण कड राहिलीच. उष्णता बाहेर जात नाही म्हणून कडेची "गरज नाही" एवढंच सिद्ध झालं. आहे की नाही?

नाना_थर्मामीटर

आर्काइटस नावाच्या ग्रीकाने हाच पेच दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी टाकलाय, कडेवर उभं राहून काठी पुढे केली तर जाईल का नाही? गेली तर कड पुढे, नाही गेली तर अडवणारं काहीतरी पलीकडे. पुढचं जाणकार सांगतील.

तिरकी_रेघ

भिंतीसारखी कड कुणालाही दिसलेली नाही. विश्व स्वतःवरच वळून बंद झालेलं असेल तर आकाशात दोन ठिकाणी एकसारखी वर्तुळं दिसायला हवीत, प्लँकच्या नकाशात ती शोधली, सापडली नाहीत. अवकाशाची वक्रताही शून्याच्या इतकी जवळ आहे की फरक मोजता येत नाही. अनंत आहे किंवा आपल्याला दिसतं त्याहून खूप मोठं आहे, यापुढे मोजमाप जात नाही.

दिसण्याची हद्द मात्र आहे. मागे दिसतं ते त्या ३,८०,००० वर्षांच्या वायूपर्यंतच, त्यापुढे अपारदर्शक. तो वायू आज आपल्यापासून सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षं लांब गेलाय, जरी विश्वाचं वय १३८० कोटी वर्षंच असलं तरी. तिथे जो कुणी बसला असेल त्याला आपण कडेवर दिसतो.

शून्य_केल्विन

आणि दुसरी हद्द आहे ती मला जास्त महत्त्वाची वाटते. १९९८ मध्ये कळलं की प्रसरणाचा वेग वाढतोय. त्यामुळे आज ज्या दीर्घिका साधारण १६०० ते १७०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे आहेत त्यांनी आत्ता सोडलेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही. याला घटना क्षितिज म्हणतात. मावळतीचं_ऊन, तुमचा उष्णतेचा प्रश्न इथे भलत्याच बाजूने परत येतो. गिबन्स आणि हॉकिंग यांनी १९७७ मध्ये दाखवलं की अशा क्षितिजालाही तापमान असतं, कृष्णविवराला असतं तसंच. अर्थात हे गणित आहे, मोजलेलं कुणी नाही. आपल्या विश्वासाठी आकडा येतो दशांश चिन्हापुढे २९ शून्यं आणि मग २, इतके केल्विन. म्हणजे उष्णता कडेतून बाहेर जाणं दूरच, कड आपल्यालाच आत किंचित ऊब देते. विश्व कितीही पसरलं तरी तापमान त्याखाली उतरणार नाही, तो तळ.

उंटावरचा_शहाणा

यावर हिशेब केला. डार्क एनर्जी (प्रसरणाचा वेग वाढवते तिला दिलेलं नाव) आहे तशीच राहिली तर पुढे पुढे दर सुमारे १२०० कोटी वर्षांनी प्रकाशाचं तापमान निम्मं होईल. २.७ वरून त्या तळापर्यंत यायला शंभर वेळा निम्मं करावं लागतं, म्हणजे १,२०,००० कोटी वर्षं.

आणि एक वाटेतला थांबा. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं तापमान ०.०००००००६ केल्विन. सध्या भोवतीचं विश्वच त्याच्यापेक्षा गरम आहे, म्हणून ते जितकं सोडतं त्याहून जास्त गिळतं. पंचवीस वेळा निम्मं झालं, म्हणजे साधारण ३०,००० कोटी वर्षं गेली, की मग विश्व त्याच्याहून थंड होईल आणि असं कृष्णविवर झिजायला सुरुवात होईल. तोवर सूर्याएवढं किंवा त्याहून मोठं एकही विझणार नाही.

पाटीवरचा_ओरखडा

"डार्क एनर्जी आहे तशीच राहिली तर" हा तर किती मोठा?

तिरकी_रेघ

बराच. डेसी या दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या सर्व्हेच्या २०२४ आणि २०२५ च्या निकालांत ती हळूहळू क्षीण होत असल्याचे संकेत आहेत, अजून पक्कं म्हणावं इतके भक्कम नाहीत. ते खरं निघालं तर वरचा शंभर वेळा निम्म्याचा हिशेब, तो तळ आणि ते क्षितिज, तिन्ही नव्याने काढावं लागेल.

उंटावरचा_शहाणा

वही जपून ठेवतो.

बोरूबहाद्दर

सारस ३ च्या पुढे काय झालं? तराफा परत निघाला का?

शून्य_केल्विन

त्याच संस्थेचा पुढचा प्रस्ताव आहे प्रतुष. या वेळी पाणी नाही, चंद्राभोवतीची कक्षा. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला पृथ्वीवरची एफएम स्टेशनं ऐकू येत नाहीत, आणि ती खूण नेमकी त्याच पट्ट्यात पडते.